एस्प्लनेड ते किल्लारी : भूकंपानंतरचे पहिले तास

१५ जानेवारी १९३४, सोमवार. भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारचे सव्वादोन वाजत होते. कलकत्त्याची घड्याळे त्या काळी प्रमाणवेळेच्या २४ मिनिटे पुढे चालत, त्यामुळे शहराच्या हिशेबाने अडीच वाजून गेले होते. त्या वेळी जमीन हलू लागली आणि बराच वेळ हलत राहिली. एस्प्लनेडच्या ट्राम-नाक्यावरून दक्षिणेकडे चौरंगी रस्ता जातो. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाजवळ असलेल्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा उंच मनोरा कोसळला. १८९७च्या आसाम भूकंपातही याच मनोऱ्याला धक्का बसला होता आणि तो दुरुस्त करून पुन्हा उभारला होता. या वेळी मात्र वास्तुरचनाकारांनी जुना आराखडा सोडून दिला व निमुळत्या शिखराऐवजी चौकोनी बुरुज बांधला. कलकत्त्याची स्वतःची हानी एवढ्यावरच आटोपली असे म्हणता येईल. भिंतींना तडे गेले, कठडे पडले, माणसे घाबरून रस्त्यावर आली. भूकंपाचे केंद्र मात्र पूर्व नेपाळात, एव्हरेस्टच्या दक्षिणेस होते आणि त्याची तीव्रता ८च्या आसपास होती.

वैद्यकीय इतिहासाच्या दृष्टीने या दुपारचे एक वैशिष्ट्य नोंदवण्यासारखे आहे. एस्प्लनेडपासून उत्तरेकडे चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूने निघाले, तर अवघ्या दीड-दोन किलोमीटरच्या टप्प्यात तेव्हाच्या पूर्व भारतातील सर्वांत मोठे वैद्यकीय सामर्थ्य एकवटलेले होते. १८३५ साली स्थापन झालेले मेडिकल कॉलेज व त्याचे रुग्णालय, उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधनासाठी उभारलेले स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन आणि जेमतेम एक वर्षापूर्वी, डिसेंबर १९३२ मध्ये, सुरू झालेली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ. शल्यचिकित्सक, क्ष-किरण यंत्रे, प्रयोगशाळा, लसी, सलाईन असे सारे काही तेथे होते. नाक्याच्या दक्षिणेला, चौरंगीवरच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मुख्यालय होते. म्हणजे भूकंपाचे शास्त्र आणि भूकंपात जखमी झालेल्यांचे शास्त्र, दोन्ही एस्प्लनेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जखमी माणसे मात्र साडेतीनशे ते पाचशे किलोमीटर दूर, मुंगेर, मुजफ्फरपूर, दरभंगा या गावांत विटांच्या ढिगाऱ्यांखाली होती.

आणि ती नेमकी कोठे आहेत, हे कलकत्त्याला ठाऊक नव्हते.

उत्तर बिहारमधील तारायंत्राच्या वाहिन्या तुटल्या होत्या, लोहमार्ग वाकले होते, पूल खचले होते. सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमिनीखालची ओली वाळू पाण्यासारखी वागू लागली. भेगांमधून वाळू व पाण्याचे फवारे उडाले, शेते वाळूने भरली, विहिरी बुजल्या. आज या प्रक्रियेला द्रवीभवन म्हणतात. पाटणा आणि उत्तर बिहार यांच्यामध्ये गंगा होती, आणि गंगेवर त्या भागात एकही पूल नव्हता. मोकामा येथील पूल व्हायला १९५९ साल उजाडावे लागले. त्यामुळे नदीपलीकडे काय घडले हे पाहण्यासाठी विमानांचा आधार घ्यावा लागला. राजेंद्र प्रसाद त्या वेळी राजकीय कैदी होते आणि दम्याच्या विकारामुळे पाटण्याच्या रुग्णालयात होते. १७ जानेवारीला त्यांची सुटका झाली व त्यांच्या नेतृत्वाखाली मदतकार्याची मोठी यंत्रणा उभी राहिली. ही यंत्रणा खरोखर मोठी होती. वर्गण्या जमल्या, स्वयंसेवक आले, बुजलेल्या विहिरी उपसल्या गेल्या. कलकत्त्यातूनही मदत गेली. परंतु सुटकेची तारीखच पुरेशी बोलकी आहे. भूकंप १५ तारखेच्या दुपारी झाला होता. १७ तारखेपर्यंत ढिगाऱ्याखालच्या बहुतेकांचा निकाल लागून गेला होता.

बिहारमधील मृतांचा अधिकृत आकडा ७,२५३ आहे. नेपाळमध्ये ८,५१९ माणसे गेली. एवढ्या प्रचंड भूकंपाच्या मानाने हे आकडे कमी वाटतात. त्याचे कारण दुपारच्या वेळेत आहे. खेड्यांतील माणसे शेतात होती. मुंगेरमध्ये मात्र दुपार हाच बाजाराचा वेळ होता. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना चिकटून उभी असलेली पक्क्या विटांची घरे, खाली दुकाने आणि त्यांत गर्दी. घरांतून बाहेर धावलेल्या माणसांवर समोरच्या घराच्या भिंती पडल्या. जवाहरलाल नेहरू काही दिवसांनी तेथे गेले तेव्हाही ढिगारे उपसण्याचे काम चालू होते. याच भूकंपाचा अर्थ लावण्यावरून गांधीजी आणि रवींद्रनाथ यांच्यात झालेला वाद सर्वांना ठाऊक आहे. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा, असे गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी भौतिक घटनेला भौतिकच कारण असते असे उत्तर दिले. त्या वादावर भरपूर लिहिले गेले आहे. मुंगेरच्या जखमींचे पुढे काय झाले, यावर मात्र त्या मानाने फारच थोडे.

त्या काळच्या डॉक्टरच्या पेटीत काय होते, हे पाहिले म्हणजे या जखमींच्या नशिबाचा अंदाज येतो. वेदना शमवण्यास मॉर्फिया होते, भूल देण्यास क्लोरोफॉर्म व ईथर होते, धनुर्वातासाठी घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम होते. मांडीचे हाड मोडलेल्यासाठी थॉमस स्प्लिंट होते. पहिल्या महायुद्धात या साध्या सळईच्या चौकटीने अशा जखमींचे मृत्युप्रमाण कितीतरी खाली आणले होते. प्लॅस्टर होते. पण जंतुसंसर्गावर सल्फा औषधे नव्हती. प्रोन्टोसिलचा पहिला शोधनिबंध फेब्रुवारी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. पेनिसिलीन औषध म्हणून वापरात यायला आणखी काही वर्षे होती. रक्तपेढी नव्हती, देशातील पहिली रक्तपेढी कलकत्त्याच्या त्याच हायजीन इन्स्टिट्यूटमध्ये निघाली, पण ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. त्यामुळे उघडे अस्थिभंग झालेल्या, माती-शेणात माखलेल्या जखमांच्या बाबतीत शल्यचिकित्सकापुढे बहुधा दोनच मार्ग उरत, जखम सोलून स्वच्छ करणे किंवा हातपाय कापणे.

या सगळ्यांहून विचित्र असा रुग्णांचा आणखी एक वर्ग होता आणि त्याला नावही नव्हते. असा रुग्ण कित्येक तास तुळईखाली किंवा भिंतीखाली पाय दाबून पडलेला असे. बाहेर काढल्यावर तो शुद्धीवर असे, बोलत असे, पाणी मागत असे. जखम फारशी दिसत नसे. भोवतालच्या लोकांच्या जिवात जीव येई. मग पाय सुजू लागे, नाडी मंद होई, लघवी कमी आणि गडद होत जाई, आणि आठवडाभरात तो मरून जाई. १९०८च्या मेसिना भूकंपानंतर इटलीत आणि पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत अशा रुग्णांची वर्णने लिहिली गेली होती. पण ती विखुरलेली राहिली आणि विसरली गेली. मार्च १९४१ मध्ये एरिक बायवॉटर्स व डेस्मंड बील या लंडनमधील दोन डॉक्टरांनी जर्मन बॉम्बहल्ल्यांत घराखाली गाडल्या गेलेल्या चार रुग्णांची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून या अवस्थेला क्रश सिंड्रोम म्हणू लागले.

त्यातील यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. दाबाखाली रक्तपुरवठा बंद पडलेला स्नायू काही तासांत मरू लागतो. दाब आहे तोवर त्यातील द्रव्ये तेथेच अडकून असतात. तुळई उचलली की रक्त पुन्हा वाहू लागते आणि मृत पेशींमधील पोटॅशियम, आम्ले व मायोग्लोबिन हे प्रथिन एकदम शरीरभर पसरते. पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. सुटका झाल्यावर काही मिनिटांतच हृदय थांबू शकते. त्यातून जो वाचतो त्याच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका मायोग्लोबिनने तुंबतात. त्यातच शरीरातील पाणी सुजलेल्या स्नायूंत ओढले गेल्याने मूत्रपिंडाला पोहोचणारे रक्तही कमी पडते. म्हणजे वाचवण्याची कृतीच मृत्यूला वाट करून देते. यावरचा उपाय साधा आहे आणि तो वेळेशी बांधलेला आहे. माणूस ढिगाऱ्यात असतानाच, वजन उचलण्यापूर्वी, शिरेतून सलाईन सुरू करायचे आणि नंतर लघवीचे प्रमाण भरपूर राहील इतके द्रव देत राहायचे. हे साधले तर डायलिसिसची गरजच अनेकदा टळते.

येथे कलकत्त्याच्या इतिहासातील एक विसंगती लक्षात येते. शिरेतून सलाईन देण्याचे तंत्र त्या शहराला परके नव्हते. मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवणाऱ्या लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात पटकीच्या रुग्णांना तीव्र मिठाचे द्रावण शिरेतून देऊन मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले होते. स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनही त्यांनीच उभे केले. १९३४ साली जगात फार थोड्या शहरांत सलाईनचा इतका सराव असेल. पण पटकीने आटलेला देह आणि तुळईखाली चिरडलेला देह यांना एकच गोष्ट हवी असते, हे सांगणारे शास्त्र अजून जन्माला यायचे होते. औषध एस्प्लनेडला होते, रुग्ण मुंगेरला होता, आणि दोघांना जोडणारे ज्ञान कोठेच नव्हते.

वेळ किती महत्त्वाचा, याचे मोजमाप पुढे इतर देशांत झाले. १९७६च्या तांगशान भूकंपानंतर चीनमध्ये केलेल्या नोंदींनुसार पहिल्या अर्ध्या तासात बाहेर काढलेल्यांपैकी ९९ टक्के जगले. पहिल्या दिवसात काढलेल्यांपैकी ८१ टक्के. दुसऱ्या दिवशी हे प्रमाण एक तृतीयांशावर आले आणि पाचव्या दिवशी १० टक्क्यांच्याही खाली. १९८०च्या दक्षिण इटलीतील भूकंपात अडकून वाचलेल्या दहा जणांपैकी नऊंहून अधिक माणसे पहिल्या २४ तासांत बाहेर आली होती आणि त्यांना जवळपास सर्वांना शेजाऱ्यांनी, नातलगांनी हातांनी किंवा फावड्यांनी काढले होते. प्रशिक्षित श्वानपथके व ध्वनिशोधक यंत्रे घेऊन येणाऱ्या परदेशी तुकड्यांची छायाचित्रे छापून येतात. वाचलेल्यांच्या यादीत मात्र त्यांचा वाटा लहान असतो. हे त्यांच्या कौशल्यावरचे दूषण नाही. अंतराचा हा हिशेब आहे.

या हिशेबाची महाराष्ट्रातील सर्वांत कठोर परीक्षा ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाली.

अनंत चतुर्दशीची रात्र होती. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारीजवळ, जमीन हलली. तीव्रता ६.२ ते ६.४, म्हणजे १९३४च्या भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचा अगदी छोटा अंश. तरीही एकट्या महाराष्ट्रात ७,९२८ माणसे मेली, सुमारे १६,००० जखमी झाली आणि पन्नासहून अधिक गावे होत्याची नव्हती झाली. दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. तेव्हाच्या बांधकाम संहितेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. आदल्या वर्षी, १९९२च्या पावसाळ्यात व त्यानंतर, किल्लारी परिसराला लहान-मोठे धक्के बसले होते. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग पुन्हा घरात गेले.

मृत्यूचे कारण घरात होते. मराठवाड्यातील जुन्या वाड्याची भिंत दोन ते पाच फूट जाड, दगड आणि मातीची. चुना किंवा सिमेंट नाही, आडवे जोडदगडही फारसे नाहीत. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर एक-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी आणखी माती टाकली जाई, आणि पिढ्यान्‌पिढ्या छताचे वजन वाढत जाई. उन्हाळ्यात हे घर गार, हिवाळ्यात उबदार. मराठवाड्याच्या हवेला याहून सोयीचे घर शोधून सापडणार नाही. पण भिंतीचे दगड एकदा सुटले की कित्येक टन माती झोपलेल्या माणसांवर येते. मातीच्या ढिगाऱ्यात पोकळी राहत नाही. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत स्लॅब व खांब यांच्यामध्ये जागा उरते आणि त्यात माणूस तासन्‌तास, कधी काही दिवस जगतो. माळवदाखाली तो मातीने, धुळीने, गुदमरून काही मिनिटांत जातो. ज्या घरांत छताचा भार भिंतीऐवजी लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती पडूनही छत तगले आणि माणसे वाचली. गावकुसाजवळ गवताच्या व कुडाच्या झोपड्यांत राहणारी गरीब कुटुंबेही मोठ्या वाड्यांतील कुटुंबांपेक्षा अधिक सुरक्षित राहिली. धनाचा आणि सुरक्षिततेचा संबंध त्या पहाटे असा उलटा झाला होता.

भूकंपवैद्यकाच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोठा आहे, पण तो बहुतेक अहवालांत ओझरता येतो. कोणत्या प्रकारचे रुग्ण येणार हे घराची भिंत ठरवते. १९८८च्या आर्मेनियातील स्पिटाक भूकंपात आणि १९९९च्या तुर्कस्तानातील मार्मारा भूकंपात काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. पोकळ्यांत अडकून जिवंत सापडलेल्यांना क्रश सिंड्रोम झाला आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञांची धावपळ उडाली. आर्मेनियात सुमारे ६०० जणांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि जगभरातून आलेली डायलिसिस यंत्रे कोठे, कशी जोडायची याचा मेळ लागेना. त्या अनुभवातून आंतरराष्ट्रीय नेफ्रॉलॉजी संघटनेने आपत्तीसाठी स्वतंत्र कृतिदल उभारले. मार्मारात ६३९ जणांना मूत्रपिंडाचा त्रास झाला व त्यांपैकी ४७७ जणांवर डायलिसिस करावे लागले. या वेळी यंत्रे आणि माणसे ठरल्या जागी पोहोचली. किल्लारीत डायलिसिस यंत्रांचा ताफा नेऊन ठेवला असता तरी त्याचा उपयोग मर्यादितच झाला असता. तेथे हवी होती ती पहिल्या दहा-वीस मिनिटांत तोंडावरची माती बाजूला करणारी माणसे. आणि ती फक्त त्याच गल्लीत असू शकत होती, तीही स्वतः ढिगाऱ्यातून बाहेर पडलेली, अंधारात, वीज गेलेली असताना.

बातमीच्या बाबतीत मात्र १९९३ हे १९३४ नव्हते. मुख्यमंत्री शरद पवार यांनी नंतर अनेकदा सांगितलेल्या आठवणीनुसार, विसर्जन शांततेत पार पडल्याची खबर येईपर्यंत ते मुंबईत जागे होते. पहाटे खिडक्यांची तावदाने हलली तेव्हा त्यांनी प्रथम कोयनेला दूरध्वनी केला. डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाच्या आधीपासूनच तेथे भूकंपमापक यंत्रे होती. केंद्र कोयनेत नसून लातूर जिल्ह्यात आहे, हे त्यांना तेथून कळले आणि सकाळीच ते विमानाने लातूरकडे निघाले. विसर्जनाच्या बंदोबस्तामुळे पोलीस रात्रभर जागेच होते. एरवी ही खबर वर पोहोचायला आणखी वेळ गेला असता. कोयनेत बसवलेली यंत्रे दूरच्या भूकंपाच्या वैद्यकीय मदतीला अशी उपयोगी पडली.

जखमींचा ओघ तीन-चार दिशांना गेला. लातूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. तेथील शासकीय रुग्णालय आणि १९६६ साली काही ध्येयवादी डॉक्टरांनी सुरू केलेले विवेकानंद रुग्णालय यांच्यावर पहिला भार पडला. सोलापूर व अंबाजोगाई शंभरेक किलोमीटरवर. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी म्हणून मुद्दाम काढलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली आली. १९९३ साली जीप, ट्रक, ट्रॅक्टर, मिळेल ते वाहन हीच रुग्णवाहिका. मणक्याला इजा झालेल्या रुग्णाला दोघांनी खांद्या-पायाला धरून ट्रकमध्ये चढवले, तर वाचलेला मज्जारज्जू त्या क्षणी कायमचा तुटू शकतो. दार किंवा फळी मिळाली तर त्यावर सपाट झोपवून नेता येते. एवढे साधे ज्ञान असणे वा नसणे यावर काहींचे उरलेले सारे आयुष्य ठरते. त्यातच पावसाने गाठले. भिजलेली माती उपसायला दुप्पट जड झाली. शिवाय पाहायला आलेल्या लोकांच्या वाहनांनी अरुंद रस्ते तुंबले. आत जाणारी मदत आणि बाहेर निघालेले जखमी एकाच कोंडीत सापडले. हौशी गर्दी ही आपत्तीतील वैद्यकीय समस्या आहे, हे किल्लारीने शिकवले. नंतरच्या अनेक आपत्तींत ते पुन्हा पुन्हा शिकावे लागले.

किल्लारीत दर मृतामागे दोन जखमी असे प्रमाण पडते. कोयनेत १९६७ साली, पहाटेची तीच वेळ असूनही, मृत दोनशेच्या आत राहिले आणि जखमी दोन हजारांवर गेले. २००१च्या कच्छ भूकंपात सुमारे १३,८०० मृत आणि दीड लाखाहून अधिक जखमी. जखमींची गणना कोठे कशी झाली यावर हे आकडे हलतात हे खरे. तरीही किल्लारीचे प्रमाण वेगळे उठून दिसते. माळवदाने जखमी फारसे मागे ठेवले नाहीत.

मग आली साथीची भीती. प्रेते कुजली की रोगराई पसरते, ही समजूत जगभर आहे आणि किल्लारीतही ती होती. दारे-खिडक्यांची लाकडे रचून सामुदायिक दहने झाली. विहिरींत क्लोरीन टाकले गेले, लसीकरणाच्या मोहिमा झाल्या. पाण्याची काळजी अगदी योग्य होती. प्रेतांविषयीची भीती मात्र शास्त्राला धरून नव्हती. आघाताने मेलेल्या माणसाच्या देहात साथीचे जंतू असण्याची शक्यता त्याच्या जिवंत शेजाऱ्याइतकीच, किंबहुना कमीच असते, आणि जंतू मृत देहात फार काळ टिकतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटना हे अनेक वर्षे सांगत आली आहे. घाईच्या दहनात ओळख पटवणे राहून जाते, आणि ओळख न पटलेल्या मृतामागे वारसाचे हक्क, नुकसानभरपाई आणि शोकाची पूर्तता, सगळेच अडते. मनावरील आघाताचा हा भाग तेव्हाच्या वैद्यकीय नियोजनात नावापुरताच असे. पोरक्या व होरपळलेल्या सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले. उस्मानाबाद जिल्ह्यात अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या स्त्रियांना ‘भारत वैद्य’ म्हणून तयार केले. ही कामे बातम्यांचा पूर ओसरल्यावर वर्षानुवर्षे चालली.

औषधांच्या खोक्यांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. मदत म्हणून येणाऱ्या औषधांचे काय होते याचा नीट अभ्यास आर्मेनियात झाला. तेथे किमान ५,००० टन औषधे आली. ती वेगळी करण्यात ५० माणसांचे सहा महिने गेले. त्यांतील जेमतेम ३० टक्के औषधे ओळखता येण्याजोगी व लगेच वापरण्यासारखी होती. पाचवा हिस्सा अखेर नष्ट करावा लागला. सद्भावनेचे वजन टनांत मोजता येते, पण रुग्णाच्या खाटेशी ते पोहोचेलच असे नाही.

आता पुन्हा मोठ्या शहराकडे वळावे लागते, कारण मुंगेर आणि किल्लारी या दोन्ही ठिकाणी जखमींनी अखेरची आशा शहरातील रुग्णालयावर ठेवली होती. ते रुग्णालयच पडले तर? १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ भूकंप झाला. राजधानी तेथून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर होती, जवळपास कलकत्ता ते मुंगेर इतकी. पण ती जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेली आहे आणि त्या गाळाने लाटा कित्येक पटींनी वाढवल्या. हुआरेज रुग्णालयाची बारा मजली इमारत आतल्या रुग्णांसह, डॉक्टरांसह कोसळली. काही नवजात बालके आठवडाभरानंतर ढिगाऱ्यातून जिवंत निघाली आणि जगभर त्याचे कौतुक झाले. त्या इमारतीत शेकडो माणसे मेली होती आणि शहराला ज्या क्षणी खाटांची सर्वाधिक गरज होती त्याच क्षणी हजारो खाटा नाहीशा झाल्या होत्या. २६ जानेवारी २००१च्या सकाळी भुजमध्ये तेच झाले. जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय जमीनदोस्त झाले. लष्कराच्या आणि स्थानिक डॉक्टरांनी ज्युबिली मैदानावर, उघड्यावर, शस्त्रक्रिया केल्या. गंभीर जखमींना वायुसेनेच्या विमानांनी इतर शहरांत हलवले. भुजचे नवे रुग्णालय पुढे पायाखाली शिसे-रबराच्या धारकांवर उभारले गेले. जमीन हलली तरी इमारतीपर्यंत तो हादरा कमी होऊन पोहोचावा, यासाठी ही योजना आहे.

भारतीय सैन्याचे आग्र्याचे पॅराशूट फील्ड हॉस्पिटल फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील इस्केंदेरून येथे ९९ जणांच्या पथकासह पोहोचले. त्याने ३० खाटांचे रुग्णालय उभारले आणि दोन आठवड्यांच्या आत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण तपासले. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी हे पथक निघाले होते. दुसऱ्या देशातून येणाऱ्या पथकासाठी याहून लवकर येणे कठीण आहे. त्याने वाचवले ते प्रामुख्याने दुसऱ्या टप्प्यातील रुग्ण, म्हणजे चिघळलेल्या जखमा, अर्धवट बसवलेली हाडे आणि ज्यांचे नेहमीचे रुग्णालय पडले होते असे आजारी लोक. फिरत्या रुग्णालयाचे खरे काम हेच आहे. पहिल्या टप्प्याचे काम त्याच्याकडून मागणे अन्यायाचे ठरेल.

१९३४च्या भूकंपाचा अभ्यास चौरंगीवरच्या भूवैज्ञानिकांनी पूर्ण केला. जे. ए. डन, जॉन ऑडन व त्यांचे सहकारी बिहारभर आणि नेपाळात फिरले, कोणत्या गावात किती भिंती पडल्या, वाळू कोठे उफाळली याच्या नोंदी घेतल्या आणि १९३९ साली तो प्रबंध प्रसिद्ध झाला. ऑडन हे कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले बंधू. या प्रबंधातील समतीव्रता नकाशे आजही वापरले जातात. जखमींचा असा प्रबंध त्या भूकंपाचा निघाला नाही. कोणाला कोठे इजा झाली, कोण किती तासांनी बाहेर आला, कोण कशाने मेला, यांचा भूवैज्ञानिकांच्या तोडीचा नकाशा कोणी काढला नाही. किल्लारीच्या वेळी घरांची पाहणी पुष्कळ बारकाईने झाली. जखमांची त्या मानाने कमी.

कोलकाता बंगालच्या खोऱ्यातील खोल गाळावर उभे आहे आणि २००२च्या भूकंपीय नकाशात ते तिसऱ्या व चौथ्या क्षेत्रांच्या सीमेजवळ येते. एस्प्लनेडच्या ट्राम-नाक्याखाली आज भुयारी मेट्रोचे मार्ग एकमेकांना भेटतात. उत्तरेकडील दोन किलोमीटरच्या टप्प्यात मेडिकल कॉलेज, स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन आणि हायजीन इन्स्टिट्यूट अजूनही आहेत. मेडिकल कॉलेजची १८५२ साली उघडलेली, उंच खांबांची रुग्णालय-इमारत १८९७ आणि १९३४ असे दोन्ही भूकंप पाहून आजही उभी आहे. ते दोन्ही भूकंप शेकडो किलोमीटर दूरचे होते.